तोंडावर खरं सांगणारा सोबती

प्रिय बाळ,

प्रेमाचा सलाम.

गोव्यातल्या वेर्ण्याची खोली बदलू का, असं तू विचारलंस. खोलीतला एक सोबती चर्चच्या तरुण संघात गिटार वाजवतो, प्रार्थना सुंदर करतो, पण ओव्हरटाइमचे तास वाढवून लिहितो आणि ‘सगळेच लिहितात’ म्हणून तुलाही तेच सुचवतो. दुसरा चर्चकडे फिरकत नाही, पण तुला उशीर झाला तेव्हा तुझं हजेरीचं कार्ड पंच करायला त्याने साफ नकार दिला. तू त्याच्यावर रागावला आहेस. मला मात्र तो मुलगा फार आवडला.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पुन्हा वाच. फिलिप आनंदाने धावत येऊन नथनेलाला नासरेथच्या येशूविषयी सांगतो. मित्राचं मन राखायला नथनेलाला नुसतं ‘वा’ म्हणता आलं असतं. तो म्हणतो, नासरेथातून काही चांगलं निघेल का? आणि येशू त्याच्याबद्दल काय म्हणतो? ह्याच्या ठायी कपट नाही. ज्याने शंका मनात न ठेवता बोलून दाखवली, त्याचं हे कौतुक. आता बारावा अध्याय बघ. तीनशे दिनारांचं सुगंधी तेल विकून गरिबांना का दिलं नाही, असा प्रश्न येशूचा शिष्य यहूदा करतो. बोलणं किती धार्मिक! पण थैली त्याच्याकडे असायची आणि तो त्यातले पैसे काढायचा. दोघंही येशूच्याच मंडळीतले. म्हणून सोबती निवडताना त्याची प्रार्थना ऐकू नकोस असं नाही, पण तो हिशेब कसा लिहितो आणि जो समोर नाही त्याच्याबद्दल कसं बोलतो, तेही बघ.

तू गोव्यात आहेस, तर गोंयच्या सायबाचंही, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचंही सांगतो. आपण प्रोटेस्टंट घरातले, जुन्या गोव्याच्या फेस्ताला आपल्याकडे फारसं कोणी जात नाही; पण त्या माणसाच्या मैत्रीतून आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे. पॅरिसला शिकताना फ्रान्सिस झेवियर पीटर फेबरबरोबर एका खोलीत राहायचा. 1529 साली तिथे पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला आला, वयाने बराच मोठा. फेबरचं त्याच्याशी लवकर जुळलं. झेवियरला मोठेपणा हवा होता, त्याला हा माणूस मुळीच रुचेना. तो त्याची टिंगल करायचा. इग्नेशियसने त्याची पाठ सोडली नाही. 15 ऑगस्ट 1534 ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी व्रत घेतलं, त्यात हे तिघेही होते. पुढे 6 मे 1542 ला झेवियर गोव्यात उतरला. 1546 मध्ये अंबोइना बेटावरून त्याने युरोपातल्या सोबत्यांना कळवलं, की तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या कापून मी सतत जवळ बाळगतो. ज्याचा एके काळी राग यायचा, त्याचीच पत्रं पुढे त्याला जिवापाड वाटू लागली.

आता तू म्हणशील, येशू तर जकातदारांच्या पंगतीला बसायचा. बसायचाच. तूही गिटारवाल्याबरोबर जेव, तो आजारी पडला तर त्याला औषध आणून दे. पण जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू गेला तेव्हा बदलला तो जक्कय. लुबाडलेलं चौपट परत करायला तो उठून उभा राहिला. तुमच्या खोलीत कोण कोणाला बदलतंय? ‘कुसंगतीने नीती बिघडते’ असं लिहिण्याआधी प्रेषित पौल ‘फसू नका’ म्हणतो, कारण ते बिघडणं आपल्याला जाणवत नाही. पहिल्या महिन्यात एक तास वाढवताना हात कापतो, चौथ्या महिन्यात तो हक्काचा वाटतो. गिटारवाल्याबरोबर मांडवी नदीवरच्या कॅसिनोत जायचं म्हणतोयस, त्याची मला जास्त काळजी वाटते. तिथे हरलेल्या पैशांसाठी घरी खोटं बोलावं लागतं, आणि मग दोघंही एकमेकांचं खोटं झाकत बसतात.

खोली सोडू नकोस. आधी कार्डवाल्याची माफी माग. गिटारवाल्याला एकट्याला गाठून सरळ सांग, की माझे तास मी खरेच लिहिणार. चारचौघांत त्याची लाज काढू नकोस. तो तुटला तर त्याच्यासाठी प्रार्थना कर, आणि टिकला तर पुढच्या रविवारी तिघंही आमच्याकडे पणजीला जेवायला या. दुसऱ्याला चर्चला येण्याचा आग्रह नको. जेवायला मात्र आणच. काकूने विचारलंय, तो मासे खातो का, ते कळव.

तुझा,
काका