गाडी घ्यायची की गाडी ठरवायची?

प्रश्न: मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६४. राजापूर तालुक्यात नाटे परिसरातल्या एका वाडीत आम्ही दोघं राहतो. मुलगा २७ वर्षांचा, रत्नागिरीत खासगी नोकरीला, हातात महिना ३८ हजार येतात. दर शनिवारी मोटरसायकलने घरी येतो. माझं म्हणणं, ठेवीतले दोन लाख मी घालतो, सहा लाखांचं कर्ज त्याने काढावं आणि एक लहान गाडी घरात असावी. हिला गुडघ्याचा आणि साखरेचा त्रास आहे, गेल्या वर्षात नऊ वेळा रत्नागिरीला न्यावं लागलं. शिवाय चार लग्नं, दोन बारशी आणि एकदा कोल्हापूर झालं. सगळीकडे भाड्याची गाडी. कर कमी होऊन गाड्या स्वस्तही झाल्यात. रात्री-अपरात्री कोणाच्या दारात जायचं? मुलगा मात्र म्हणतो, ‘बाबा, आता कोण गाडी घेतं? लागेल तेव्हा मागवू.’ त्याच्या लग्नाचंही बघतोय. काय करावं?

गुरुजी, नमस्कार.

आधी उत्तर सांगतो: ही गाडी या वर्षी घेऊ नका. पण चिरंजीवांनी दिलेलं कारण मला पटलेलं नाही, आणि काकूंच्या दवाखान्याची तुमची काळजी अगदी खरी आहे. त्यामुळे नुसतं ‘नको’ लिहून मला पत्र संपवता येणार नाही.

‘लागेल तेव्हा मागवू’ हे हल्ली पंचविशी-तिशीतल्या मुलांकडून मी सतत ऐकतो. जपानी भाषेत तर यासाठी ‘कुरुमा-बानारे’ असा शब्दच रूढ झालाय, गाडीपासून दुरावणं. तिथल्या शहरांत गाडी नावावर करायची तर ती उभी करायला जागा आहे असा दाखला आधी पोलिसांकडून घ्यावा लागतो. अमेरिकेत १९८३ साली सोळा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ४६ जणांकडे वाहन परवाना होता, २०१४ मध्ये तो जेमतेम २५ जणांकडे होता. आपल्याकडेही २०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलेल्या कारणांत एक हे होतं, की तरुण मंडळी हप्ता भरण्यापेक्षा ओला, उबर आणि मेट्रो पसंत करतात.

पण त्याच सुमाराच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात चारचाकी असलेली कुटुंबं शंभरात साडेसात होती. ज्यांच्या घरी आजोबांपासून गाडी आहे त्या मुलाला ती नकोशी होते, ती गोष्ट वेगळी. तुमच्या वाडीत फोनवर बोट ठेवलं म्हणून गाडी येत नाही. तिथे ‘मागवायची’ म्हणजे ओळखीच्या गाडीवाल्याला फोन लावायचा, आणि तो भाडं घेऊन राजापूरला गेला असेल तर वाट बघत बसायचं. चिरंजीवांचं वाक्य पुण्या-मुंबईचं आहे, ते नाट्याला तसंच्या तसं लागू होत नाही.

तरीही त्याच्या मनात काय असेल याचा मला अंदाज आहे. अशा मुलांशी शांतपणे बोललं की बहुतेक वेळा लक्षात येतं, त्यांना गाडीपेक्षा हप्ता नको असतो. तुम्हाला जिल्हा परिषदेची नोकरी लागली तेव्हा निवृत्तीची तारीखही कळली होती. याला पुढच्या वर्षी कुठे असू हे सांगता येत नाही. अशा माणसाने साठ महिन्यांचा शब्द द्यायला कचरावं, यात मला शहाणपणच दिसतं.

आता हिशेब. गाडी रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख धरू. त्यातली गाडीची मूळ किंमत साधारण सात लाख. उरलेला लाखभर वाहन कर, नोंदणी आणि विम्याचा, आणि तो पहिल्याच दिवशी गेला. सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,६०० रुपये, आणि एकूण व्याज १ लाख ५६ हजार. कोणी सात वर्षांची मुदत सुचवेल, हप्ता ९,८०० वर येईल, ऐकायला बरं वाटेल. पण व्याज सव्वादोन लाखांच्या जवळ जातं. पाच वर्षांत नंतरचे विमे ४८ हजार, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून ६० हजार. दर आठवड्याची जा-ये आणि इतर फिरणं धरून वर्षाला सात हजार किलोमीटर, म्हणजे पेट्रोल पाच वर्षांचं २ लाख १५ हजार. पाच वर्षांनी गाडी विकली तर किती येतील? विमा कंपन्या त्यांच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. तेच प्रमाण घेऊन साडेतीन लाख परत आले असं समजू.

सगळी वजाबाकी करून पाच वर्षांचा खर्च होतो ९ लाख २९ हजार. महिन्याला साडेपंधरा हजार. पायऱ्यांच्या पाखाडीच्या वर रस्त्याला लागून चिऱ्याचा बांध घालून पत्र्याची शेड उभी करायची झाली, तर तो खर्च यात नाही.

दुसरी बाजू. तुम्ही दिलेल्या यादीत पंधरा स्थानिक फेऱ्या आणि एक कोल्हापूर आहे. नाटे ते रत्नागिरी जाऊन-येऊन, दवाखान्यात थांबण्यासकट तीन हजार रुपये धरले आणि कोल्हापूरचे सात हजार, तर वर्षाचे ५२ हजार. चिरंजीवांच्या मोटरसायकलचं पेट्रोल ११ हजार. वरखाली धरून ७० हजार म्हणू. गाडीचा वर्षाचा खर्च १ लाख ८६ हजार. महिन्याला साडेनऊ हजारांचा फरक पडतो. त्यातले नऊ हजार आवर्ती ठेवीत सात टक्क्यांनी टाकले तरी पाच वर्षांनी साडेसहा लाखांच्या जवळ रक्कम होते.

पेट्रोल सोडून गाडीचा बाकी खर्च वर्षाला १ लाख ४३ हजार पडतो. भाड्याच्या एका फेरीमागे पेट्रोल वजा जाता तुमचे २,४०० रुपये वाचतील. भागाकार केला तर साठ फेऱ्या येतात, म्हणजे महिन्याला पाच. भाड्याच्या गाडीने महिन्याला पाच फेऱ्या व्हायला लागल्या की स्वतःची गाडी परवडू लागते. तुमची सध्या महिन्याला सव्वा होते.

हे वाचून तुम्ही म्हणाल, रात्री दोन वाजता हिला चक्कर आली तर तुमचा हिशेब काय कामाचा? बरोबर आहे, माणसाच्या जिवापुढे हिशेब ठेवू नये. म्हणूनच तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला राहून राहून टोचली. तुम्हाला गाडी चालवता येते असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. चिरंजीव सोमवार ते शनिवार रत्नागिरीत. मग मंगळवारी रात्री दोन वाजता गाडी कुठे असेल? त्याच्याबरोबर रत्नागिरीत, किंवा शेडमध्ये, चालवणाऱ्याशिवाय. ज्या रात्रीच्या भीतीने तुम्ही आठ लाख घालायला निघालात, त्या रात्री आठवड्यातले पाच-सहा दिवस ही गाडी कामाला येणार नाही. तुम्हाला गाडीपेक्षा रात्री फोन उचलणारा माणूस हवा आहे.

तो माणूस पैशाने ठरवता येतो, आणि तो ठरवण्याची जबाबदारी चिरंजीवांची आहे. गाडी नको म्हणण्याचा हक्क त्याला आहे, पण मग ‘मागवू’ या शब्दाची व्यवस्था त्यानेच लावायची. वाडीतल्या किंवा शेजारच्या वाडीतल्या दोन गाडीवाल्यांना भेटून महिना प्रत्येकी हजार रुपये बांधून द्यावेत: रात्री फोन आला तर यायचं, भाडं वेगळं, रात्रीचं जास्त. एक बाहेर असला तर दुसरा. वर्षाचे २४ हजार होतात. फरकातून तेवढे वजा केले तरी महिन्याला साडेसात हजार शिल्लक राहतात. जोडीला १०८ चा नंबर आणि दोघांचे नंबर मोठ्या अक्षरांत फोनशेजारी भिंतीवर लिहून ठेवा, काकूंना चष्म्याशिवाय वाचता येतील असे.

उभ्या गाडीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण हे मी भोगलेलं आहे. माझं घर चिपळूणला. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी गाडी छपरापर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, सीटबेल्ट ओढला, तर पट्ट्याबरोबर ओल्या चिखलाची वळी बाहेर आली. घाईत कुणीतरी किल्ली फिरवून पाहिली. इंजिनात पाणी असताना ते सुरू करायचा प्रयत्न केला की आतले दांडे वाकतात. साध्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान धरत नाहीत, त्याला वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. दाव्यातून इंजिनाची रक्कम कापली गेली आणि ती मी खिशातून भरली. तुमची वाडी उंचावर आहे, पूर येणार नाही. पण खारा वारा आहे. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या काचेखालच्या जाळीत आंब्याची पानं कुजतात, पाणी आत उतरतं, बॅटरी बसते, आणि पावसाळ्यात उबेला शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात. ज्यांच्या गाड्या फक्त गणपतीत आणि मे महिन्यात बाहेर निघतात त्यांना विचारून बघा.

कर कमी झाल्याचं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्के झाला. पण हा काही दसरा-दिवाळीचा सेल नाही की तारीख उलटली की संधी गेली. आणि त्याच दिवसापासून वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांवरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, याकडे तुमच्या घरात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुमच्यासाठी ही बातमी गाडीच्या बातमीपेक्षा मोठी आहे. काकूंचा आरोग्य विमा नसेल तर साखर आणि गुडघा न लपवता अर्ज करा. आधीच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ आता तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हप्ता चढा येईल, तरी घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर ते दोन-चार लाखांत जाईल, आणि तो खर्च यायची शक्यता मला बरीच दिसते.

ठेवीतल्या दोन लाखांना हात लावू नका. ठेवीची मुदत संपली की ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. २०२५-२६ मध्ये तिचा दर ८.२ टक्के राहिला आहे. त्या दराने वर्षाला १६,४०० रुपये व्याज येतं. मुद्दल तसंच राहून काकूंच्या रत्नागिरीच्या पाच फेऱ्या त्यात होतात.

लग्नाचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत, पण मला वाटतं पत्राचं वजन तिथेच होतं. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या ओळीने उभ्या राहतात आणि आपल्याकडे नाही, हे मनाला लागतं. स्थळ बघायला आलेली माणसं विचारतात, हेही खरं. पण ती कर्जाबद्दलही विचारतात, निदान मुलगी तरी विचारते. ३८ हजारांतले १२,६०० म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा पाच वर्षं बांधला जाणार. खोलीचं भाडं आणि खाणंपिणं वजा केलं की नव्या संसाराला फारसं काही उरत नाही. कर्ज नाही, नावावर तीन-चार लाख आहेत, रत्नागिरीत स्वतःची खोली घ्यायची तयारी आहे, असं सांगता येणारा मुलगा मला गाडीवाल्या मुलापेक्षा भक्कम वाटतो. आणि लग्न झाल्यावर दोघांचं कामाचं ठिकाण कुठे असेल, घरात किती माणसं असतील, हे कळल्यावर कोणती गाडी हवी तेही वेगळं ठरेल.

एका बाबतीत मात्र मी चिरंजीवांच्या बाजूचा नाही. पावसाळ्यात पन्नासेक किलोमीटर मोटरसायकलने येणं त्याने बंद करावं. जून ते सप्टेंबर शनिवारची एसटी धरावी, नाही मिळाली तर त्या आठवड्यात येऊ नये, तुम्हीही आग्रह करू नये. अपघात विमा आजच काढावा, त्याचा वर्षाचा खर्च एका हॉटेलच्या जेवणाइतका असतो.

काकूंचं दुखणं वाढून दर आठवड्याला रत्नागिरी करावी लागली, किंवा चिरंजीवांची बदली राजापूरला होऊन तो घरी राहायला आला, तर मला पुन्हा लिहा. त्या दिवशी माझं उत्तर ‘घ्या’ असेल. तोवर त्याने साठवलेल्या पैशांतून निम्मी रक्कम रोख भरावी, उरलेल्याचं कर्ज तीन वर्षांचं घ्यावं आणि विम्यात इंजिनाचं संरक्षण पहिल्या दिवसापासून जोडावं. जुनी गाडी घ्यायची झाली तर खालचा पत्रा गंजलाय का ते गॅरेजवाल्याकडून खड्ड्यावर चढवून बघून घ्यावं, समुद्राकाठची असेल तर दोनदा.

येत्या शनिवारी चिरंजीव आले की तुम्ही दोघं मिळून त्या दोन गाडीवाल्यांकडे जाऊन या.