आधी सोनिपत समजून घे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हिवतापाच्या डासांच्या जनुकांवर काम करायचं तू ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. २०२३ मध्ये जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुलंच जास्त. कीटकनाशकांना डास दाद देईनासे झालेत, तेव्हा नवा उपाय शोधायलाच हवा.

फक्त एक घोळ पहिल्याच दिवशी डोक्यातून काढ. जनुक बदललेले सगळे डास सारखे नसतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या बाना गावात १ जुलै २०१९ ला सहा हजारांवर निर्बीज नर सोडले. नर चावत नाही, हे नर प्रजाही वाढवत नाहीत. ते मेले की बदलही संपला. जीन ड्राइव्हचं तसं नाही. एरवी निम्म्या संततीत जाणारं जनुक त्यात जवळजवळ सगळ्या संततीत उतरतं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये डासाचं लिंग ठरवणाऱ्या 'डबलसेक्स' जनुकावर ते वापरलं, तेव्हा पिंजऱ्यातले डास ७ ते ११ पिढ्यांत नामशेष झाले. पिंजऱ्याबाहेर गेलेलं असं जनुक माघारी आणणं फार अवघड. गावकऱ्यांसमोर हे दोन्ही एकच म्हणून मांडलंस, तर ती फसवणूक होईल.

आणि पीसीआरवर, म्हणजे जनुकाच्या प्रती काढायच्या तंत्रावर, हात बसण्याआधी हरियाणातल्या सोनिपतचं प्रकरण समजून घे. सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र दिल्लीत होतं, अमेरिकेच्या पैशावर. सोनिपतला एडिस इजिप्ती जातीच्या डासांचे निर्बीज नर सोडायची तयारी झाली होती. पीतज्वर आपल्याकडे नाही, मग तो पसरवणाराच डास का? पैसा परक्यांचा का? प्रश्न वर्तमानपत्रांतून संसदेपर्यंत गेले, जैविक युद्धाचा संशय बळावला आणि १९७५ मध्ये काम गुंडाळलं गेलं. संशय खरा नसेलही. प्रश्न मात्र रास्त होते, असं मी आजही मानतो. ते विचारले जाण्याआधीच उत्तरं द्यायला हवी होती.

बानात गावाशी वर्षानुवर्षं बोलून मगच डास सोडले, तरी ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने काम थांबवलं. याने खचू नकोस, पण नीट अभ्यास कर.

दिवाळीच्या सुट्टीत ये. येताना तुझा प्रयोग एका पानावर, आजीला कळेल अशा मराठीत लिहून आण. जीन ड्राइव्हला तू काय म्हणतेयस ते मला बघायचंय.