विम्याचं काम सुरू करतेस ना, मग हे ऐक

अगं, मीही ठरवून आले नव्हते. मुलगी बालवाडीत, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, आणि हाताशी दुपारचे तीन तास. तेवढ्यावर सुरुवात झाली.

विमा एजंटच्या परीक्षेचं दडपण नको. दहावी पास पुरते. पुढे म्युच्युअल फंडही विकायचे असतील, तर त्यासाठीची एनआयएसएम या संस्थेची परीक्षा मात्र जरा अभ्यास मागते. ती पुढच्या वर्षी दे.

नातेवाईक आधी विचारतील, "पहिल्या हप्त्यातलं कमिशन आम्हाला किती देणार?" स्पष्ट नाही म्हण. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार ते चालत नाही, आणि एकाला दिलंस की सगळे मागतात.

निफाड-दिंडोरीकडे जाशील तेव्हा हप्त्याची तारीख द्राक्षांचे पैसे हातात येतात तेव्हाची धर, वार्षिकच. मी एकदा पावसाळ्यातली धरली होती. माणूस भला, पण औषध फवारणीतच खिसा रिकामा. तारखेनंतर हप्ता भरायला मिळणारी तीस दिवसांची मुदतही उलटली, पॉलिसी बंद पडली. अजून टोचतं मला.

आणि फॉर्म स्वतः समोर बसून भर. साखर आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, हे चारचौघांत कोणी सांगत नाही. ओट्याशी उभ्या असलेल्या वहिनींना हळूच विचार. गोळ्यांचा डबा त्याच काढून दाखवतात. लपवलेला आजार पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला की बाहेर येतो, आणि तेव्हा दारात त्याच वहिनी उभ्या असतात.

मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात भेटी ठेवू नकोस. लोक समजून घेतात.