शेजाऱ्याची शेळी दोन दिवस बांधून ठेवली, आता मुलावर चोरीचा गुन्हा होईल का?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही समजावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात राहता, हद्द ग्रामपंचायतीची. घरामागे परडं, त्यात भेंडी, अळू, अबोली, हापूसची तीन कलमं. शेजाऱ्यांच्या पाच शेळ्या आणि कोंबड्या ढासळलेल्या गडग्यावरून (हद्दीच्या दगडी बांधावरून) रोज आत येतात, यंदा तर त्यांनी कलमांचे शेंडेच खाल्ले. शनिवारी मुलगा पुण्याहून आला होता, त्याने एक शेळी धरून मांगरात (खोपीत) बांधली आणि सोमवारी संध्याकाळी शेजारी न्यायला आले तेव्हा म्हणाला आधी नुकसानीचे 2000 द्या मग सोडतो. पैसे कोणी दिले नाहीत, भांडण झालं, शेळी सोडली, आणि मंगळवारी शेजाऱ्यांनी पोलिसांत अर्ज दिला. त्याच अर्जात तुमच्या फणसाची फांदी त्यांच्या कौलांवर टेकलीय हेही लिहिलंय. आणि तुमचा भाचा म्हणतोय कुंपणाला तार ओढ आणि करंट सोड.

भाच्याचं आधी, कारण बाकी सगळं नंतर निस्तरता येतं, हे नाही. करंट सोडू नका ताई, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटून माणसं गेलीत आपल्याकडे, पहाटे परसाकडे निघालेलं नाहीतर गुरं शोधायला निघालेलं माणूस, आणि मग केस सदोष मनुष्यवधापर्यंत जाते. विष घालणं, कोयता फेकून मारणं हेही तसंच. जुन्या कायद्यात जनावराच्या किमतीवरून शिक्षा ठरायची, 10 रुपयांचं की 50 रुपयांचं असं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 325 मध्ये किमतीचा प्रश्नच ठेवलेला नाही, कुठलंही जनावर मारलं, विष घातलं, जायबंदी केलं तर 5 वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे शेजाऱ्याची कोंबडी आहे, तिची किंमत ती काय, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आता मुलाचं. शेळी पकडली हीच चूक झाली, हे आधी मनातून काढा. कोंडवाड्याचा कायदा आहे आपल्याकडे, आणि तो सांगतो की जमीन कसणारा किंवा ताब्यात असणारा माणूस आपल्या जमिनीत शिरून नुकसान करणारं जनावर धरू शकतो. जनावर म्हणजे काय याची यादी पण कायद्यात आहे, गाय म्हैस बकरी मेंढी डुक्कर घोडा, अगदी हत्ती आणि उंटसुद्धा आहेत, पण कोंबडी नाही. म्हणजे शेळी धरता येते, कोंबडीला हा कायदा लागत नाही.

पण धरलेलं जनावर कोंडवाड्यात पाठवायचं असतं. घरी ठेवून घेण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नाही, आणि सोडायचे पैसे आपण ठरवण्याचा तर अजिबातच नाही. तुमच्या मुलाने या दोन्ही ठिकाणी पाय घसरवला, शनिवार ते सोमवार शेळी मांगरात आणि वर 2000 ची मागणी. चोरी म्हणायला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि तुमच्या मुलाने शेळी लपवली नाही, विकली नाही, सगळ्या वाडीला माहीत होतं कुठे बांधलीय, चारा-पाणी तुम्ही स्वतः घातलंत, त्यामुळे चोरी टिकेल असं मला वाटत नाही. मला काळजी त्या 2000 ची आहे. अडवून पैसे मागितले म्हटलं की समोरचा वकील लगेच खंडणी हा शब्द काढतो, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावापुढे तो शब्द कागदावर नुसता आला तरी पुढे व्हेरिफिकेशनला वगैरे किती त्रास होतो हे मी पाहिलंय. म्हणून मुलाला सांगा त्या पैशांबद्दल आता फोनवर, व्हॉट्सअॅपवर एक अक्षर लिहायचं नाही, शेजाऱ्यांना नाही आणि मित्रांनाही नाही. आणि याच कायद्यात बेकायदा धरलं म्हणून मालकाला 10 दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते, ते दिवस अजून संपलेले नाहीत हे लक्षात असू द्या.

पोलीस ठाण्यातून नुसता फोन आलाय म्हणता. मग आधी विचारा नोंद काय झालीय, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) की एफआयआर, आणि त्याची प्रत मागा. एनसी असेल तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, दोघांना समोर बसवून समज देतील, क्वचित कार्यकारी मॅजिस्ट्रेटपुढे शांतता राखायचा बाँड द्यायला लावतील, ज्याला गावात अजून 107 म्हणतात (जुन्या कलमाचा आकडा, नवा 126). एफआयआर असेल तर मुलाला लेखी नोटीस येईल, ती आली की हजर राहायचंच, टाळायचं नाही, पण वकील सोबत घेऊन. तुम्हाला मात्र साक्ष विचारायला ठाण्यात बोलवता येत नाही, बाईमाणसाला तिच्या राहत्या घरीच येऊन विचारायचं असा नियम आहे, हे नम्रपणे सांगा.

आता पुढच्या वेळी शेळी आली तर काय. आधी फोटो, तारीख-वेळेसकट, शेळी परड्यात असतानाचे आणि खाल्लेल्या कलमांचे. शेजारपाजारचे दोन जण बोलावून काय खाल्लं हे कागदावर लिहून त्यांच्या सह्या घ्या. जनावर धरलंत तर त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) लेखी कळवून कोंडवाड्यात पाठवायचं. धरताना कोणी अंगावर आलं तर पोलिसांची मदत मागा. बऱ्याच गावांत कोंडवाड्याच्या आता नुसत्या भिंती उरल्यात, तुमच्याकडेही तसंच असेल तर शेळी दोन साक्षीदारांसमोर त्याच दिवशी परत द्या आणि ग्रामपंचायतीला अर्ज द्या, पोचेचा शिक्का घेऊन. तो शिक्का मारलेला अर्ज फार कामाचा असतो ताई, वर्षभरात असे चार अर्ज जमले की कोर्टात तुमचं म्हणणं सिद्ध करायला त्यांचा आधार होतो. नुकसानीचा दिवाणी दावा 3 वर्षांच्या आत करता येतो आणि मनाई हुकूमही मागता येतो.

शेजारी म्हणतात भात कापून झालं की गुरं उनाड सोडायची हा पूर्वापार रिवाज आहे, आमची इथूनच जातात. रिवाज आहे, खरंय, मीही त्याच मातीतली आहे, पण तो कापलेल्या मळ्यांसाठी. गडगा घातलेल्या परड्यात ढासळलेल्या जागेतून शेळी घुसते म्हणून 20 वर्षांची वहिवाट होत नाही. वहिवाटीला उघडपणे, हक्काने, विनाअडथळा वापर लागतो, आणि तुम्ही तर दरवेळी हाकलताय.

पण मनाई हुकूम मागायला जाणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ लागतात, आणि तुमची बाजू तिथेच कमकुवत आहे. फणसाबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, त्यांनी दोन पावसाळे सांगितलं तरी आपण लक्ष दिलं नाही. हे मला आवडलं नाही हे स्पष्ट सांगते. त्यांची कौलं फुटतात, पन्हळीत पाला अडकून पाणी घरात येतं, तो तुमच्या झाडाचा उपद्रव आहे, आणि त्यांच्या हद्दीवर आलेली फांदी ते त्यांच्या बाजूने उभं राहून छाटू शकतात, फणस मात्र तुमचेच राहतात. फणस 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड आहे, त्यामुळे मोठी फांदी आहे तर वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात आधी अर्ज टाका आणि पावसाआधी तुमच्या खर्चाने काढा. शेजाऱ्यांनी काढायची वाट बघू नका.

मग गडगा. तो तुमचा, त्यांचा की सामाईक हे तुम्हालाच नक्की माहीत नाही असं दिसतंय. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्दीच्या खुणा पटल्या की चिरे लावून घ्या. वाद अर्धा तिथेच संपतो, आणि कोंबड्यांसाठी खालून बारीक जाळी, कारण त्यांना दुसरा उपाय नाही.

कोर्टात जायच्या आधी एक करा. तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथे वादपूर्व अर्ज द्या, दोघांनाही बोलावून घेतात आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते, वर अपील नाही. तुम्ही स्त्री आहात म्हणून उत्पन्न कितीही असलं तरी समितीचा वकील तिथून मोफत मिळतो, पेन्शन आहे म्हणून संकोच करू नका. तडजोडीत लिहून घ्यायचं ते असं: फांदी तुम्ही अमुक तारखेपर्यंत काढणार, गडग्याचा खर्च मोजणीप्रमाणे, शेळ्या बांधून नाहीतर राखणीने चारायच्या, आणि पोलिसांतला अर्ज शेजारी मागे घेणार. 2000 सोडून द्या.

मोजणीचा जुना नकाशा घरात कुठे असेल तर तो, आणि पोलिसांतल्या त्या अर्जाची प्रत, दोन्हीचे फोटो मला पाठवा, शक्यतो या आठवड्यातच, ते 10 दिवस संपायच्या आत.