मोस्केनेसला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

तुम्ही नॉर्वेच्या लोफोटेन बेटांमधली ही चिमुकली नगरपालिका निवडलीत, याचा खरंच आनंद झाला. वस्ती हजारच्या आसपास, मुख्य गाव राइन. ई१० महामार्ग पुढे 'ओ' गावाशी संपतो. नकाशा फार अभ्यासू नका, आधी ऋतू ठरवा.

बहुतेक नवखे इथेच चुकतात. मध्यरात्रीचा सूर्य आणि उत्तरध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) एकाच सहलीत हवा असतो, तो मिळत नाही. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, मग आकाशात प्रकाश दिसणार कसा? माझं मत विचाराल तर मार्च. बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला आलेला कॉड मासा तेव्हा पकडतात आणि मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगतात, आपल्याकडे बोंबील टांगतात तसाच. थंडी गोठणबिंदूच्या आसपास असल्याने मासा नासत नाही, नुसत्या वाऱ्यावर वाळतो. गावाचं पोट यावर चालत आलंय. ते बघाच.

बाकी थोडक्यात:
- बोडो शहरापर्यंत रेल्वे आहे, तिथून मोस्केनेसची फेरीबोट. समुद्र खवळला तर वेळापत्रक बदलतं, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.
- राइनजवळचा राइनब्रिंगेन डोंगर फक्त ४४८ मीटर, पण चढ उभा आहे. नेपाळी शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्यात. तरी बर्फात किंवा ओल्यात जाऊ नका. मार्चमध्ये तो खालूनच बघा.
- फोटोसाठी गाडी रस्त्यात थांबवू नका. रस्ता अरुंद आहे.

मुक्काम किमान तीन रात्री, एकाच गावात. पायवाटांचं पुढच्या खेपेला बोलू.