एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल, तर इंजिन खोलण्याआधी काय तपासावे

नमस्कार. डिचोलीच्या मेकॅनिकने तुमच्या गाडीच्या चार सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब, मोजून दिलेले आकडे १७०, १६५, ९५ आणि १६८ पीएसआय (दाबाचे एकक) असे आहेत. गाडी पेट्रोलची असून तिला सीएनजी किट आहे. चोर्ला घाट चढून वर थांबल्यावर ती आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथरते, वेग घेतल्यावर मात्र बरी चालते. ऑइल कमी होत नाही आणि निळा धूरही नाही. एवढ्यावरून ‘फुल इंजिन करावे लागेल’ (म्हणजे पूर्ण इंजिन खोलून दुरुस्त करावे लागेल) असे सांगणे मला घाईचे वाटते. दाब मोजणारा गेज फक्त हवा गळते आहे एवढे सांगतो. ती कुठून गळते हे हेड (सिलिंडरांवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) न उतरवताही बहुतेक वेळा कळते, आणि खर्च ठरतो तो त्यावरच.

तीन सिलिंडर चांगले आकडे दाखवत असल्याने कमजोर बॅटरी, बंद राहिलेला थ्रॉटल किंवा दाते सोडलेली टायमिंग चेन ही कारणे येथे बाजूला ठेवता येतात, कारण त्यांमुळे चारही आकडे सारखेच खाली येतात. तरीही चाचणी एकदा स्वतः उभे राहून पुन्हा करून घ्या. इंजिन गरम असावे, सीएनजीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद असावा, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले असावेत, चारही प्लग बाहेर असावेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. प्लग काढण्यापूर्वी त्यांच्या खाचा हवेने साफ करा, कारण व्हॉल्व्हखाली अडकलेला एक कणसुद्धा आकडा बिघडवतो. सुई चढायची थांबेपर्यंत सेल्फ मारायचा आणि ती कशी चढते याकडे लक्ष द्यायचे: पहिल्या ठोक्याला कमी आणि पुढे हळूहळू वाढत गेली तर संशय रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या, हवा अडवणाऱ्या कड्यांवर) जातो, सुरुवातीलाच कमी आणि नंतरही फारशी वाढत नसेल तर व्हॉल्व्हवर.

त्यानंतर तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून तीच चाचणी पुन्हा करावी. आकडा स्पष्टपणे वाढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली असे समजावे; तो जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटकडे (हेड आणि इंजिन ब्लॉक यांमधल्या पत्रीकडे) आहे. (डिझेल गाडीवर हा प्रयोग करू नका, तेथे कॉम्प्रेशनचा दाब आणि उष्णता इतकी असते की ऑइल पेट घेऊ शकते.)

माझा खरा भर मात्र लीक-डाउन चाचणीवर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते शोधण्यावर, आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या ठोक्यावर अगदी वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. थ्रॉटलकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅसकेट किंवा हेडची चीर. निरोगी रिंगांमधूनही थोडी हवा जातेच, तेव्हा तेवढ्या आवाजाने घाबरू नये. शेजारच्या चांगल्या सिलिंडरशी तुलना करावी. हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरू शकतो, म्हणून पुलीवर पाना अडकवून ठेवू नका.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका (मिटताना व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कडा) झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली बारीक फट) कमी होत जातो आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. घाटात इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी आणखी लांबते. आयडलला गळतीला वेळ मिळतो म्हणून थरथर तेव्हाच जाणवते. तुमच्या वर्णनाशी हे इतके जुळते की मी सर्वांत आधी वरचे कव्हर काढून, थंड इंजिनावर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिसऱ्या सिलिंडरचे गॅप मोजले असते. स्क्रूचे टॅपेट असतील तर गॅप मॅन्युअलप्रमाणे लावून कॉम्प्रेशन पुन्हा घ्यावे. काही वेळा काम तेथेच संपते. मात्र व्हॉल्व्ह आधीच जळला असेल तर गॅप लावूनही आकडा वर येत नाही.

आपल्याकडे आणखी दोन शक्यता विचाराव्या लागतात. गाडी पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेली असेल आणि तेव्हा इंजिन झटक्यात बंद पडले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. अशा वेळी प्लगच्या भोकातून पातळ काडी घालून चारही पिस्टन किती वर येतात ते मोजावे. मालक बोटीवर नोकरीला आणि गाडी कित्येक महिने दमट हवेत उभी, असे असेल तर रिंगा खाचांत चिकटतात किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज धरतो, आणि काही दिवस नीट चालवल्यावर कॉम्प्रेशन आपोआप सुधारलेलेही दिसते.

गळती एक्झॉस्ट व्हॉल्व्हचीच ठरली आणि गॅप लावूनही आकडा सुधारला नाही, तर फक्त हेड उतरवून लेथवाल्याकडे बैठका कापून घ्याव्यात. पिस्टनला हात लावू देऊ नये. हेड बसवताना नवे गॅसकेट घालावे आणि मॅन्युअलमध्ये हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असे लिहिले असेल तर तेही नवेच घ्यावेत.