‘तेवढं बघून घ्या’

“मॅडम, पंधरा वर्षं हेच काम केलं आणि आता रोज वाटतं, आपल्याला काहीच येत नाही.” माझ्याकडे सल्ल्याला येणारी, नोकरी बदललेली माणसं हे इतक्यांदा म्हणतात, की मी आधी एकच विचारते: जुन्या ठिकाणी काम लिहून मिळायचं का?

हे गृहस्थ चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात क्वालिटीला होते. तिथे मशीनपाशी लॅमिनेट केलेला कागद टांगलेला. कुठल्या बोल्टला किती टॉर्क (आवळायचा जोर), पहिला पीस कोणी पास करायचा, खराब माल लाल बिनमध्ये. त्या कागदालाच कंटाळून ते एका घरगुती कंपनीत गेले. पगारही जास्त होता. इथे शेठ सकाळी खांद्यावर हात ठेवून म्हणत, “तेवढं बघून घ्या.” तेवढं म्हणजे केवढं, ते संध्याकाळी बोलणी खाल्ली की कळायचं.

मी त्यांना आठवडाभर वहीत दोन रकाने भरायला सांगितले: काम कोणी दिलं, आणि ते झालं हे कोण ठरवणार. बावीस कामं निघाली. त्यातल्या चौदांपुढे दुसरा रकाना कोरा. वहीकडे बघत ते बराच वेळ गप्प होते. आपल्याकडून नेमकं काय हवंय हेच ठाऊक नसलं की ताण वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कान आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच मांडलंय. यात अंगी कसब नसण्याचा संबंध कुठे आला?

पुढच्या वेळी साहेब अकरा पानी एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, घेऊन हजर! (घाबरलेला माणूस फार लिहितो.) अ‍ॅडलर आणि बोरिस या अभ्यासकांनी १९९६ मध्ये नियमांचे दोन प्रकार सांगितले. एक काम करणाऱ्याला हात देणारे, दुसरे त्याला वेसण घालणारे. आम्ही ओळ न् ओळ तपासली: ही कामासाठी, की उद्या कोणी बोललं तर दाखवायला? दहा पानं गेली. उरलं ते एवढंच: माल कोण पास करणार, कुठवर मी ठरवायचं, कुठे विचारायचं.

“हे काय सरकारी ऑफिस आहे का?” शेठ कुरकुरले, पण कागद भिंतीवर लागला. शेठचे रविवारचे फोन अजून थांबलेले नाहीत. मात्र परवा त्या कागदाखाली शेठनी स्वतःच पेनने लिहिलं, ‘पार्टी ओरडली तर आधी मला सांगा.’